पांढऱ्या कड्यावरची ओटी

गाईड "शूज ऑफ, प्लीज" म्हणाली तेव्हा आमच्या आईंनी बुटांबरोबर मोजेही काढले, घडी करून पिशवीत ठेवले आणि समोरच्या वाहत्या पाण्याला हात जोडले.

"अगं आई, देऊळ नाहीये हे," दत्ता हळूच म्हणाला.

"माहितीये रे. पाणी ऊन आहे ना पण."

दत्ता म्हणजे दत्तप्रसाद, माझा नवरा. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वीणा त्यांचं नाव. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडे मेलबर्नला, टार्निटमध्ये असतात. लेक चिन्मयीला सुट्टी लागली म्हणून आम्ही चौघं टर्कीला आलो होतो. पामुक्कालेचा हा डोंगर दत्ताने शोधून काढला, तोही आईंच्या गुडघ्यांसाठी. गरम पाणी हजारो वर्षं झिरपून तिथे दह्यासारखे पांढरेशुभ्र कट्टे तयार झालेत, आणि वर रोमन लोकांच्या जुन्या शहराचे अवशेष. आईला बरं वाटेल, हे वाक्य त्याने महिनाभर जपासारखं म्हटलं होतं. माझा नवरा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते.

त्याचा प्रॉब्लेम वेगळा आहे. त्याला लाज वाटते. म्हणजे सतत. ट्रेनमध्ये आईंचा फोन आला की तो तोंडावर हात धरून मराठी बोलतो. मासे तळायचे तर गॅरेजमध्ये, दार लावून, आणि वर शेजारच्यांना वास गेला का म्हणून फुटपाथवर जाऊन हुंगून येतो. शेजारची बाई आमच्याकडून लसणीची चटणी मागून नेते, तरी याचं चालूच. पुण्याहून स्किल्ड व्हिसावर आलेला, सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारा साधा माणूस. कोणी आपल्याकडे वळून बघू नये, एवढी एकच त्याची महत्त्वाकांक्षा. मी चिडवते त्याला, तुझ्या पिंडाला कावळा शिवायचा नाही, तोही लाजून उडून जाईल. तो हसतो आणि खिडकी लावून घेतो.

त्या दिवशी मात्र स्वारी खुशीत होती, कारण आमच्या टूरच्या बसमध्ये मेलबर्नजवळच्या जीलॉन्गचा ग्रॅहम होता. रिटायर्ड शाळामास्तर, बायकोबरोबर आलेला. सकाळच्या नाश्त्यापासून दोघांचं फुटीवर, म्हणजे तिकडच्या फुटबॉलवर, गुळपीठ जमलेलं. ग्रॅहम त्याला 'मेट' म्हणायचा आणि आमचे साहेब प्रत्येक वेळी थोडे उंच व्हायचे.

मी आणि चिन्मयी खालच्या कट्ट्यातल्या पाण्यात पाय सोडून बसलो होतो. दत्ता वर ग्रॅहमपाशी उभा होता. आई हळूहळू चढत त्यांच्याही थोड्या पुढे, जिथून पाणी वाफाळत येतं त्या पाटाशी गेल्या आणि उकिडव्या बसल्या. गुडघे इतके दुखत असताना बसल्या कशा, असा विचार माझ्या मनात आला तेवढ्यात त्यांनी पिशवीतून हिरवा खण काढला.

तो खण मी कपाटात पाहिला होता. मला वाटलं, महाराष्ट्र मंडळातल्या कुणाच्या डोहाळजेवणाला द्यायला ठेवला असेल. आईंनी पाटाच्या कडेला, त्या पांढऱ्या दगडावर खण पसरला, त्यावर तांदळाची ओंजळ, सुपारी, खोबऱ्याची वाटी. मग डबी उघडून दगडावर हळदीची दोन बोटं ओढली, कुंकवाची दोन. आपल्याकडे नदीची ओटी भरतात, तशी त्या झऱ्याची ओटी भरत होत्या.

शिट्टी वाजली. परत वाजली. रखवालदार धावत आला, हातवारे करत, त्या दगडावर पाऊल ठेवायचं तेही अनवाणी आणि ही बाई त्यावर रंग लावतेय म्हणून. त्याचं चुकलं म्हणणार नाही मी. हळद ओली झाली आणि पिवळा ओघळ खाली पसरायला लागला. लोकांनी फोन वर केले. आई दोन्ही हात जोडून मराठीत म्हणत होत्या, "चुकलं बाबा, चुकलं."

गाईड धावत वर गेली. वाटेत दत्ताला आणि ग्रॅहमला तिने विचारलं, "इज दॅट लेडी विथ यू?"

दत्ताने आईंकडे पाहिलं. सगळ्यांनी धरलेल्या फोनांकडे पाहिलं.

"नो," तो म्हणाला. "नॉट विथ अस."

मला ते स्वच्छ ऐकू आलं. चिन्मयीलाही आलं. आईंना तर यायलाच हवं, त्या माझ्यापेक्षा जवळ होत्या आणि नातीला सांभाळता सांभाळता एवढं इंग्रजी त्यांना केव्हाच कळायला लागलंय. त्यांनी मान वळवली नाही. पाण्याकडेच बघत राहिल्या.

मी कशी वर चढले मला आठवत नाही. "शी इज माय मदर-इन-लॉ," मी गाईडला सांगितलं, जरा मोठ्यानेच. ग्रॅहमने दत्ताकडे पाहिलं आणि मग आपल्या पायाच्या बोटांकडे पाहायला लागला. त्यानंतर दिवसभर तो त्याला मेट म्हणाला नाही. रखवालदाराने बाटलीभर पाणी आणून दिलं. मी फडकं शोधतेय तोवर आईंनी पदराने तो दगड पुसून काढला. पांढरी साडी होती, पदर पिवळा झाला तो झालाच.

मग रोमन लोकांचं ते भलंमोठं अर्धगोल थिएटर पाहिलं, पण माझं कशात लक्ष नव्हतं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, मला नवऱ्याचा राग खूपदा आलाय. लाज पहिल्यांदा वाटली. रागासारखं बोलून तिच्यातून मोकळं होता येत नाही.

दत्ता पाण्याची बाटली घेऊन आला. "आई, पाणी पी."

"नको रे, तहान नाहीये," आई म्हणाल्या. नेहमीच्याच आवाजात.

तो खाली गेल्यावर मी विचारलं, "आई, कशाला केलंत हे?"

"अगं, राहिली होती ती." संगमेश्वराकडे त्यांच्या माहेरच्या शेजारच्या गावात गरम पाण्याची कुंडं आहेत. लग्नाला सात वर्षं मूल नव्हतं, तेव्हा तिथे नवस बोलल्या होत्या, मुलगा झाला की ओटी भरीन. मुलगा झाला, आणि पुण्यात बिऱ्हाड मांडलं, मग हे, मग ते. "आता मी कुठली जाते तिकडे? म्हटलं, जमिनीखालून येणारं ऊन पाणी, इथलं काय नि तिथलं काय. दत्तूला पन्नास पुरी होतायत. देणं घेऊन जायला नको वर." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्याला नको सांगूस हं. वाईट वाटेल."

मी सांगितलं. बसमध्ये, आई पुढे बसल्यावर. आधी त्याने तोंड उघडलं, "मला पटकन काही सुचलं नाही गं."

"सुचलं की. इंग्रजीतून सुचलं."

"डॅड, दॅट वॉज सो नॉट ओके," मागून चिन्मयी म्हणाली.

मग मी ओटीचं सांगितलं. ती कुणासाठी होती ते. त्याने कपाळ खिडकीच्या काचेला टेकवलं आणि हॉटेल येईपर्यंत तसाच बसला. संध्याकाळी आईंच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेला आणि परत आला. घरी आल्यावरही तेच. गुडघ्यांना तेल लावून द्यायचा, औषधं काढून द्यायचा, आणि जीभ काही वळायची नाही. आई त्याच्याशी छान बोलायच्या, हवेबद्दल, भाजीबद्दल. तेच त्याला जास्त लागायचं.

पुढच्या रविवारी शेजारच्या ट्रुगानिनाहून आमचे मित्र मिताली आणि शैलेंद्र आले. चहा-पोहे घेता घेता टीव्हीवर ट्रिपचे फोटो लावले. पांढरा डोंगर आला, थिएटर आलं, आम्ही तिघं आलो. आईंचा त्या दिवसाचा एकही फोटो नव्हता.

"काकू, तुम्ही कुठे दिसत नाही?" शैलेंद्रने विचारलं.

मी दत्ताकडे पाहिलं. त्याने हातातला कप खाली ठेवला.

"मी कुठली?" आई म्हणाल्या. "मी हॉटेलातच होते त्या दिवशी. गुडघे फार दुखत होते."

खोलीत कुणाला काही वाटलं नाही. मितालीने पुढचा फोटो लावायला रिमोट उचलला.

"नाही," दत्ता म्हणाला. मोठ्याने म्हणाला, खिडक्या उघड्या होत्या तरी. "आई होती तिथे. माझी आई होती ती. मी…"

आई उठल्या. पोह्यांचं पातेलं घेऊन त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या डिशमध्ये आणखी दोन डाव वाढले.

"विसरलास तू," त्या म्हणाल्या. "मी नव्हते. खा, गार होतायत."