हिवाळ्यातल्या फळ्या

समुद्राच्या बांधाआडचं खाजणातलं कुरण सपाट करायचं आणि तिथे पर्यटकांसाठी कॅरव्हॅन लावायच्या, असं मेल्विनने ठरवलं होतं. त्याच्या नेस्टा आत्याने त्याआधीच ठरवलं होतं की, जीव गेला तरी हे होऊ द्यायचं नाही. कुरण कागदावर मेल्विनचं. पण त्यातल्या चारशे वर्षांच्या वरंब्यांना नि सऱ्यांना तिच्या बापाने कधी नांगर शिवू दिला नव्हता, आणि आत्याचा त्यांच्यावर भारी जीव होता.

अडचण एवढीच, की वरंबे आता जेमतेम वीतभर उरले होते. सोमवारी सरकारी तपासनीस बाई येणार होत्या. जुन्या वरंब्यांच्या खुणा दिसल्या तर कुरण राखीव, नाहीतर बुलडोझर.

"कसले वरंबे, आत्या? मेंढ्यांनासुद्धा दिसत नाहीत," मेल्विन हसला.

"मेंढ्या कोरडी जागा बघून बसतात, बाळा. तुझ्याहून शहाण्या आहेत त्या."

दिवस हिवाळ्यातले, पावसाचे. शनिवारी रग्बीचा सामना होता. झाडून सगळं गाव टीव्हीपुढे बसलेलं. सत्त्याहत्तर वर्षांची आत्या गमबूट चढवून भर पावसात कुरणातलं पाणी बाहेर नेणाऱ्या चराच्या तोंडाशी गेली आणि तिथल्या खाचेत तीन फळ्या ठोकून आली. या फळ्या उन्हाळ्यात पाणी अडवायला घालतात. ऑक्टोबरात त्या काढायच्या, आणि ज्याचं कुरण त्यानेच काढायच्या. हिवाळ्यात फळी ठेवणं म्हणजे महापाप, कारण पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं. आत्याला काडीची खंत वाटली नाही.

सोमवारी सरीन् सरी पाण्याने भरली होती आणि मधून हिरवे वरंबे उठून दिसत होते.

"अगबाई! किती स्पष्ट!" तपासनीस बाई हरखून फोटो काढू लागल्या.

मेल्विनला संशय आला. तो चराकडे धावला, फळ्या बघितल्या आणि लालबुंद होऊन परतला. "बाई, ही चक्क लबाडी—"

"कोणाच्या चरात फळ्या राहिल्यात?" बांधावरून शेजारचा ग्रिफ गरजला. "माझ्या कोंबड्या कालपासून छपरावर बसल्यात! सापडू दे तो आळशी, सगळ्या गावासमोर सोलतो त्याला!"

चर मेल्विनचा. फळ्या काढायचं कामही त्याचंच. म्हाताऱ्या आत्याने फळ्या ठोकल्या म्हटलं, तर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नव्हतं.

"पाऊसच फार झाला यंदा," तो पुटपुटला.

बाईंनी कुरण राखीव असं लिहिलं. ग्रिफ चरफडत घरी वळला. मग आत्या हळूच पुतण्याच्या कानाशी लागली.

"मधली फळी जरा घट्ट बसलीय हं. डावीकडून ओढ."