डाव्या हाताचा कोयता

टिण्ण!

भर दुपारी शांत पडलेल्या घरात एवढाच आवाज झाला. मागच्या खोलीतल्या खिळ्यावरून मला उतरवताना माझ्या मुठीची कडी पाण्याच्या पिंपावर आपटली. सूनबाई होती तिथेच थबकली. बाहेरच्या खोलीत आजोबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते आणि त्यांची नात चिमणी चटईवर पाय पसरून झोपली होती. दोघांपैकी कोणीच हललं नाही. मग सूनबाईने मला जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि मागच्या दाराने हळूच बाहेर नेलं. चार वर्षांनी मला ऊन दिसलं.

मित्रांनो, मला असं लपवून न्यावं लागलं म्हणून मी चोरीचा माल आहे असं समजू नका. मी याच घरातला कोयता. वयाने जुना आहे, पण हाडाचा पक्का आहे.

हाडाचा म्हणजे खरोखरच. एका मालट्रकच्या चाकावरचा पोलादी पाटा मोडला, तो लोहाराच्या अंगणात आला आणि त्यातून माझा जन्म झाला. लोहाराने मला लाल केलं, ठोकलं, पुन्हा लाल केलं. त्याची बायको भाता ओढत होती आणि अधूनमधून नवऱ्याला सांगत होती की पाणी बेताने दे. तिचं बरोबर होतं. पोलाद फार कडक झालं तर दगडाला लागून धार तुटते आणि फार मऊ राहिलं तर वळते. मला दोन्हींच्या मधलं पाणी मिळालं. माझं पातं मुठीच्या शेवटापर्यंत आत गेलेलं आहे आणि तीन रिबिटांनी पक्कं बसवलेलं आहे. म्हणूनच माझी मूठ आजवर कधी हलली नाही.

धार लावायच्या आधी लोहाराने गिऱ्हाइकाला विचारलं, "कोणता हात?"

गिऱ्हाईक म्हणजे आमचे आजोबा. तेव्हा ते आजोबा नव्हते, काळ्याभोर मिशांचे उंच तरुण होते. वनखात्यात रानातल्या वाटा साफ करायच्या कामावर नुकतेच लागले होते. त्यांनी डावा हात पुढे केला. लोहाराने माझी उजवी बाजू सपाट ठेवली आणि धारेचा उतार फक्त डाव्या बाजूने दिला. एका बाजूची धार फांदीत तिरकी शिरते आणि एका घावात काम उरकते. फक्त ती ज्या हातासाठी असते, त्याच हाताचं ऐकते. एवढं मात्र लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच अडलं.

सत्तावीस वर्षं आम्ही दोघांनी वाटा उघडल्या. आजोबा उगाच दणादण घाव घालणाऱ्यांतले नव्हते. आधी वाट कुठून जात होती ते बघायचे, मग जमिनीलगत तिरका घाव. कापलेली फांदी वाटेच्या खालच्या अंगाला टाकायचे, म्हणजे माती धरून राहते. एकदा मोठे साहेब आमची वाट बघायला आले आणि थोडं चालून गेल्यावर त्यांनी चक्क बूट काढून हातात घेतले. म्हणाले की अशा वाटेवर बूट घालणं म्हणजे वाटेचा अपमान. आजोबा त्या दिवशी घरी येईपर्यंत मिशीत हसत होते. संध्याकाळी त्यांनी मला फडक्याने पुसलं, धारेवरून अंगठा आडवा फिरवून बघितला आणि तेलाचा हात दिला. हे ते रोजच करायचे. स्वतः जेवायला नंतर बसायचे.

मग एका सकाळी त्यांचा डावा हात उचललाच जाईना. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, मालिश झाली. पाय सुधारला, जीभ सुधारली, हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. एक दिवस त्यांनी उजव्या हाताने मला जाडसर तेल लावलं, मागच्या खोलीत खिळ्यावर टांगलं आणि खोलीचं दार ओढून घेतलं. त्यानंतर ते त्या खोलीत आले नाहीत. माझ्या अंगावर रेनकोट आला, रेनकोटावर कांद्यांची पिशवी आली. सत्तावीस वर्षं राबलेल्याला कांदे सांभाळायची वेळ आली. पण मी खचलो नाही. पोलाद आहे मी.

आता सूनबाईला माझी आठवण का झाली ते सांगतो.

चिमणी सहा वर्षांची झाली. पुढच्या सोमवारपासून तिची शाळा. शाळा टेकडीच्या पलीकडे, घरामागच्या रानातून गेलं की दहा मिनिटांवर. पण आजोबांचा हात पडल्यापासून त्या रानवाटेकडे कोणी बघितलं नव्हतं. घाणेरीने दोन्ही बाजूंनी हात मिळवले होते आणि वेलींनी वरून छप्पर घातलं होतं. दुसरा रस्ता डांबरी. तिथे आंधळ्या वळणावरून लाकडाचे ट्रक सुसाट येतात आणि कडेला पाऊल ठेवायलाही जागा नाही. चिमणीचा बाप दूरच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा येणार. तेव्हा आठ दिवसांत वाट आपणच उघडायची असं सूनबाईने ठरवलं. आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी दहा गोष्टी सांगितल्या असत्या. पण त्या सांगताना ते स्वतःच्या हाताकडे बघतील, या धास्तीने तिने विचारलं नाही. म्हणून तो टॉवेल आणि ते मागचं दार.

शेजारच्या मावशी कुंपणावरून बघत होत्या. त्यांनी विचारलं की रान काय भांड्यांचा ढीग आहे, दुपारच्या दुपारी उरकायला? सूनबाई म्हणाली, भांडी तरी कुठे उरकतात. आणि तिने मला उजव्या हातात घट्ट धरलं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी ओरडलो असतो.

पहिला घाव घाणेरीवर पडला आणि मी घसरलो. दुसराही घसरला. उतार डाव्या बाजूचा आणि हात उजवा, त्यामुळे मी फांदीत शिरायच्या ऐवजी बाहेर फेकला जात होतो. अकराव्या घावाला फांदीवरून निसटून सरळ तिच्या नडगीवर गेलो. तिने कमरेभोवती गुंडाळलेला टॉवेल आडवा आला म्हणून थोडक्यात निभावलं. ओरखड्यातून रक्त आलं. ती खाली बसली, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "तूसुद्धा म्हातारा झालास का रे?"

त्या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं ऐरणीवरही लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती चिमणीला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि नवा कोयता घेऊन आली. लांबलचक, आरशासारखा चकचकीत, लाल प्लॅस्टिकची मूठ. दुकानदाराने तो हवेत फिरवून दाखवला होता म्हणे. हवेत सगळेच कोयते चांगले चालतात. रानात दाटीच्या जागी त्याचं लांब पातं मागच्या वेलीत अडकायचं, जाड खोडावर ते पत्र्यासारखं थरथरायचं. मुठीवर घाम आला की हात सुळकन पुढे सरकायचा. तिसऱ्या दिवशी पाल्यात लपलेल्या दगडावर तो आपटला आणि धारेला करंगळीच्या नखाएवढी खाच पडली. सूनबाईच्या तळहाताला चार फोड आले होते आणि वाट उघडली होती घराच्या ओट्याएवढी. शाळेला पाच दिवस उरले होते.

तिने दोन्ही कोयते मागच्या पायरीवर ठेवले आणि फोडांवर फुंकर घालत बसली. चिमणीला वाटलं आता आपली पाळी. तिने एक वाळकी काटकी उचलली आणि घाणेरीशी लढाई सुरू केली. सपासप. डाव्या हाताने.

मागच्या दारात आजोबा उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. सुनेच्या नडगीवरची पट्टी त्यांनी दोन दिवसांपूर्वीच बघितली असणार. पण आता ते बघत होते नातीच्या हाताकडे. मग त्यांनी सुनेच्या उजव्या तळहातावरचे फोड बघितले, मग मला. आणि कपाळावर हात मारला. तोही उजवाच, दुसरा उचलत नव्हता.

"अगं, हा डावखुऱ्याचा कोयता आहे," ते म्हणाले. "तुला सांगायचंच राहिलं."

सांगणार तरी कधी? ते जेवायचे उजव्या हाताने, लिहायचेही उजव्याच. लहानपणी मास्तरांनी छडीने ती सवय लावली होती. डावा हात फक्त रानात जायचा, माझ्याबरोबर. सुनेने त्यांना रानात कधी बघितलंच नव्हतं. आणि माझी मूठ इतकी वर्षं दुसऱ्या कोणी धरलीच नव्हती, तेव्हा मी एकाच हाताचा आहे हे त्यांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

सूनबाईला वाटलं, आता ते खुर्चीत जाऊन गप्प बसतील. ते बसले, पण पायरीवर, आणि तिला कानस आणायला पाठवलं. उतार फिरवायचा म्हणाले, डाव्या बाजूचा उजवीकडे घ्यायचा. ती नको म्हणाली. तुमच्या हाताची धार आहे बाबा, राहू द्या, मी याच नव्याने करीन कसंतरी.

आजोबांनी माझ्या धारेवरून उजवा अंगठा आडवा फिरवला. मग म्हणाले, "कसंतरी करशील आणि पाय तोडून घेशील. वाट तुझा हात उघडणार आहे ना? मग धार तुझ्या हाताची हवी."

दोन दुपारी हे काम चाललं. आजोबांनी मला पायाखाली ओंडक्यावर दाबून धरलं आणि सूनबाईने कानस चालवली. पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. ती विसरली की ते नुसतं "हं" म्हणायचे. कोयता कसा निवडायचा तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. मूठ धरल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. जाड खोडाला आखूड आणि जड पातं, ओल्या वेलींना आणि गवताला लांब आणि हलकं. दुकानात हवेत फिरवून बघायचा नाही, हात खाली सोडून उभं राहायचं आणि कोयत्याचा तोल आपण होऊन कुठे झुकतो ते बघायचं. त्यांनी नव्या कोयत्यालाही हिणवलं नाही. त्याची खाच घासून काढायला लावली, मुठीला कापडी पट्टी गुंडाळायला लावली आणि वेलींचं काम त्याला दिलं. मला खोडांचं.

माझी सत्तावीस वर्षांची धार काळ्या भुशीसारखी ओंडक्याभोवती पडली होती. चिमणी ती बोटाने गोळा करत होती. आजोबांनी तिकडे एकदाच बघितलं.

पुढचं काय सांगू? अहो, मी लोण्यात शिरावं तसा घाणेरीत शिरलो. सूनबाईचा घाव आजोबांपेक्षा हलका, पण तिरका अगदी तसाच. शनिवारी टेकडीचा माथा आला आणि रविवारी सकाळी शाळेचं कौलारू छप्पर दिसलं. मावशी कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, आमच्याही परसात ये हो एकदा.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या खिळ्यावर कोणाच्या तरी हाताची वस्तू टांगलेली असेल. तिला गंजू देऊ नका. तेलाचा एक हात द्या, आणि टाकून देण्याआधी तिच्या धन्याला दोन गोष्टी विचारा. तो सांगेल. बहुतेक वेळा तो कोणी विचारायचीच वाट बघत असतो.

त्या रविवारी दुपारी आजोबा नव्या वाटेवरून चालायला निघाले. पुढे ते, मागे चिमणीचं बोट धरून सूनबाई, तिच्या दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेला मी. माथ्यावर आजोबा थांबले, वाकले आणि एका हाताने चपला काढून पुढे चालू लागले.

चिमणीने खिशातून काड्यापेटी काढली. कानशीची काळी भुशी तिने त्यात भरून ठेवली होती. ती हलवून बघत तिने हळू आवाजात विचारलं, "आई, आजोबांचा हात बरा झाला, की मग ते कशाने तोडतील गं?"

सूनबाईची माझ्या मुठीवरची पकड घट्ट झाली. पुढे आजोबा अनवाणी चालत होते.