सहा वाजून दोन मिनिटं

जैनांच्या संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी शेटचा प्रितम आमच्या गेटासमोर येऊन उभा राहणार, हे वारूळवाडीत शेंबड्या पोरालाबी ठाऊक झालंय. सत्तावीस वर्सं झाली, एक साल चुकला नाय बेटा. रस्त्याकडंला गाडी लावतो, चपला काढतो, हात जोडतो आन् म्हणतो, "मिच्छामि दुक्कडम, गेणूभाऊ. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर माफ करा."

वर्षभरात! मेल्या, वर्षभराचं कुणी इचारलंय? माझ्या धाकट्या भावाचा पाय घालवलास, त्याचं बोल की.

मी आजवर त्याला एका शब्दानं जबाब दिला नाय. एखाद्या साली पचकन थुंकलो आसंन, तेवढंच. आन् माफी कोण मागतं राव? ज्यानं केलंय तोच मागणार ना? म्हणजे ही त्याची कबुलीच झाली, ती बी भर रस्त्यात, दरसाल. चार माणसांत बसलो का मी हेच सांगत आलोय.

काय केलं ते ऐका. अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात आमी तिघं जीवधन गडावर गेलो. मी, माझा भाऊ चांगदेव आन् हा प्रितम. ह्याचा बाप रिखबचंद शेट, नारायणगावात कापडाचं दुकान. चांगदेव आन् प्रितम एका बाकावरचे, जिवाभावाचे. डोंगराचं येड तिघांलाबी. हडसर, चावंड, नाणेघाट, सुट्टी पडली का सॅक पाठीवर. पण प्रितमच्यात दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत न्हाईत. म्हणून गडावर तीन दगडांची चूल मांडून त्याच्यासाठी खिचडी शिजली, तिच्यात येळ गेला, उतरताना अंधार पडला, आन् त्या तुटक्या पायऱ्यांवरनं चांगदेव घसरला. खुबा मोडला. एकोणीस वर्सांचं पोर! घाटघरपतुर त्याला मी पाठीवर आणला. तवापासनं कुबडी ती कुबडी. डोंगर सुटला, लग्नाचं जमलं नाय. मी घरात बजावलं, प्रितमचं नाव कुणी काढायचं नाय. चांगदेवनंबी काढलं नाय.

औंदा चार-साडेचारला आला. हात जोडून झाले तरी हलंना. खिशातनं एक पाकीट काढलं.

"हे चांगदेवसाठी आणलंय. माझ्या मुलीला, रिद्धीला, माळ्यावर निगेटिव्ह सापडल्या. जीवधनचा रोल. तेव्हा धुवून घेतला होता, पण प्रिंट काढायचा मला धीर झाला नाही. तिनं परवा काढल्या."

माझं डोकंच सणकलं. लंगडं करून ठिवलं ते ठिवलं, वर आता त्याचे फोटो दाखवतो? पाकीट हिसकावून घेतलं.

"बंबात घालतो बघ ह्यांना, तुझ्या डोळ्यादेखत!"

ओसरीवरनं चांगदेव कुबडीवर उठला. "दादा, दे इकडं."

"तू गप बस!"

फाडायलाच काढले व्हते, देवाशपथ. पण हातात आल्यावर नजर जातीच. पहिला नाणेघाटातल्या दगडी रांजणापाशी, तिघंबी दात काढतोय, चांगदेव एका पायावर उभा. दुसऱ्यात प्रितम ताट तोंडाला लावून पाणी पितोय. जेवण झालं का ताट धुवून तेच पाणी प्यायचं, ही त्यांची रीत. आमी त्याची लई टर उडवायचो त्यावरनं. त्याच्या क्यामेऱ्याला एक नखरा व्हता, फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत येळ उमटायची. मी सहज बघितली. चार पस्तीस.

चार पस्तीसला जेवण उरकून ताटबी धुतलेलं?

पुढचा फोटो चार पन्नासचा. प्रितम पाठीला सॅक लावून पायऱ्यांच्या तोंडाशी उभा, हातानं चला-चला करतोय.

त्याच्या पुढं मी. वानरलिंगीचा सुळका मागं, मी कड्यावर हात पसरून. पाच वीस. मग शर्ट काढून. मग गॉगल लावून, प्रितमचाच. पाच पंचेचाळीस. अकरा फोटो, आन् अकराच्या अकरा माझे. शेवटच्यात आभाळ लालभडक, खाली अंधार चढलेला, मी काळाठिक्कर, नुसते पसरलेले हात. सहा वाजून दोन मिनिटं.

आन् मग ते कानात आलं. माझाच आवाज. "आजून एक घे रं चांग्या! सूर्य टेकू दे की. रोल संपव!" आन् पायऱ्यांकडनं प्रितम बोंबलतोय, अंधार पडतोय, चला, म्हणून.

माझे कान तापले. दवाखान्यात बा माझ्यावर हात उगारून म्हणला व्हता, "अंधार कशापायी केला रं?" तवा तोंडातनं निघालं, प्रितमच्या खिचडीपायी. चांगदेव तिथंच पडलेला, डोळे उघडे. एकदा बोललो ते बोललो. मग इतक्यांदा सांगितलं का माझं मलाच खरं वाटाया लागलं.

"तुला ठाऊक व्हतं?" मी चांगदेवला इचारलं.

"फोटो मीच काढलेत, दादा."

"मग बोलला का नाय तू?"

"तू मला पाठीवर आणलंस. वाटंनं पोरावानी रडत व्हतास. वर बा तुला माराया उठला. काय बोलू?" कुबडी टेकत तो पायरीपतुर आला. "ह्यालाबी मीच म्हणलं, गप ऱ्हा. वरीस-दोन वरीस. दादाचा राग निवला का सांगू."

"मग हा दरसाल माफी कशाची मागतो?"

"आरं, ती त्यांच्यात सगळ्यांनी सगळ्यांची मागायची असती. चूक कुणाची ते बघत न्हाईत. एकानं म्हणलं का समोरच्यानंबी तेच म्हणायचं. सत्तावीस वर्सं हा तेवढ्यासाठी गेटात थांबतोय."

मी प्रितमकडं बघितलं. तो खाली मान घालून उभा, अनवाणी. केस पार पांढरे झालेत त्याचे, ते मी आजच बघितलं. दोन शब्द म्हणायचे व्हते फक्त. पण त्याची ती गरीब मान बघून माझ्या अंगाची आगच झाली. माझ्यावर दया करतो? सत्तावीस वर्सं?

"नीघ हितनं! पुन्यांदा ह्या गेटात दिसलास तर तंगडं मोडीन."

तंगडं. तिघांनीबी ते ऐकलं.

प्रितमनं चपला घातल्या. चांगदेव पायऱ्या उतरून गेटाकडं निघाला.

"तू कुठं?"

"जेवायला. ह्याच्याकडं."

"चांग्या, जाशील तर..."

"घाबरू नको. दिवस मावळायच्या आत वाढतो तो. त्याला येळेचं भान असतं, दादा."

कुबडी आडवी धरून तो प्रितमच्या मागं बसला. गाडी नारायणगावच्या रस्त्याला लागली. मी तिथंच उभा राहून ते दोन शब्द पुटपुटून बघितले, कुणी नव्हतंच ऐकायला. पहिला नीट आला. दुसऱ्याच्या जागी शिवीच आली.