खोडलेली अकरा वर्षं

माझे ट्रायलचे नव्वद दिवस शुक्रवारी संपत होते. मालकाला पसंत पडलात तर नोकरी, नाहीतर टाटा. आणि रणजितदादानं माझा निकाल आधीच लावून ठेवला होता.

इकडे परदेशात, पेनरोजच्या आमच्या वर्कशॉपमध्ये फ्रीजच्या पत्र्याच्या दारांवर रिमू या इथल्या महागड्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवतात. बड्या लोकांचे चोचले, दुसरं काय! या पट्ट्या महिन्याभरात सुटून दारं परत यायला लागली. रणजितदादा आमचा सुपरवायझर, आपल्याच पुण्याचा. तो मालकाला, ग्रेगला, सरळ म्हणाला, "विनिता पट्ट्या नीट दाबत नाही."

मी दाबत नाही? अहो, गोंदच चुकीचा होता! दोन ट्यूब मिसळून लावायचा तो एपॉक्सी वाळला की दगड. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, पत्रा मात्र ढिम्म. मग मधला गोंद तडकणार नाही तर काय? चारदा सांगितलं. दादाचं उत्तर ठरलेलं, "ग्रेगनं आणलाय ना? झालं तर. इथं आपण शहाणपणा करायचा नाही."

भोसरीच्या गोंदाच्या कारखान्यात लॅबमध्ये अकरा वर्षं काढलीत मी. पण सीव्हीत ती नव्हतीच. "ओव्हरक्वालिफाइड म्हणून दारातही उभं करणार नाहीत, खोडून टाक," हा सल्लाही दादाचाच. आणि मी बावळट, खोडली!

मग म्हटलं, जायचंच आहे तर तोंड उघडून जाऊ. दहा दिवस आधी भंगारातली दोन दारं घेतली. एकावर त्यांचा एपॉक्सी. दुसऱ्याचा पत्रा घासला, मेथ्सनं, म्हणजे स्पिरिटनं, पुसला आणि वाळल्यावरही रबरासारखा लवचिक राहणारा गोंद लावला. वाळल्यावर दोन्ही दारं रोज दिवसा हीटरसमोर, रात्री बाहेर गारठ्यात.

शुक्रवारी चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर ग्रेगला बोलावलं. पहिली पट्टी त्यानं बोटानं उचलली, टक्कन हातात आली. दुसरी ओढली तर अख्खं दार सरकलं.

"हे कुठं शिकलीस?"

"विनिता, जरा दमानं घे," दादा मराठीत पुटपुटला.

"दमानंच घेतलं होतं, दादा. त्यापायी अकरा वर्षं खोडली. आता पुरे."

पिशवीतून पूर्ण सीव्ही काढून मी ग्रेगच्या हातात ठेवला. त्यानं तो उभ्या उभ्या वाचला, मग दादाकडे पाहिलं. दादा चहाच्या कपात बघत होता.

"सोमवारी सातला ये," ग्रेग म्हणाला.

"येईन," मी म्हटलं, "पण पट्ट्या दाबायला नाही. गोंद निवडायला."