माझ्या पोटातली हौसाची गोष्ट

मित्रांनो, आधी गप बसा आणि नुसतं ऐका. मी एक जुना खाकी लखोटा आहे. आता नगरच्या कोर्टाच्या दप्तरखान्यात पडून असतो, माझी एक कड कसरीने खाल्लीय. पण त्र्याहत्तर साली, त्या दुष्काळात, बाबांनो, माझ्यासाठी दोन वकील भांडले होते!

बाकीच्या लखोट्यांना नुसता डिंक. मला डॉक्टरांनी लाख लावली, ती पण गरम. जीव गेला माझा! पण वर लिहिलं, 'फक्त जज्जसाहेबांसाठी'. मी असा फुगलो म्हणता!

प्रकरण मिरजगावच्या चांगुणाबाईंचं. नवरा वारलेला, मुलगा मिलिटरीत, लांब सरहद्दीवर. त्यांच्या दिराने, भिमाजीने अर्ज केला की वहिनीचं डोकं फिरलंय, तिची जमीन माझ्या ताब्यात द्या. कोर्टाने डॉक्टरांना तपासायला सांगितलं. बाईंची सून हौसा भिंगारची, शहरात वाढलेली. ती सासूच्या काळजीने डॉक्टरांना एकटीच भेटली आणि सगळं सांगून बसली. मग घाबरली. माझं नाव कळू देऊ नका, म्हणाली, मला त्याच घरात नांदायचंय. डॉक्टरांनी शब्द दिला, कागद लिहिला आणि माझ्या पोटात घातला.

तारखेला सासू-सुना एकाच एसटीने आल्या. हौसा बाहेर व्हरांड्यात बसली. आत जज्जसाहेबांच्या खोलीत मी टेबलावर!

भिमाजीचा वकील म्हणाला, साहेबांनी एकट्याने वाचावं आणि निकाल द्यावा. चांगुणाबाईंचे थॉमस वकील ताडकन उठले.

"साहेब, बाईंनी काय केलं म्हणतात तेच बाईंना माहीत नाही. उत्तर कशाचं देणार त्या?"

साहेबांनी मला फोडलं. कट्ट! वाचलं. हौसाचं काय होणार?

मग साहेब म्हणाले, "कुणी सांगितलं ते मी सांगणार नाही. काय सांगितलं ते सांगतो. बाई, तुम्ही रोज पहाटे अंगणात पालथ्या पडून जमिनीशी बोलता म्हणे."

भिमाजी गालात हसला. चांगुणाबाईंनी पदर सावरला.

"साहेब, ह्या दिराला भाईर जाऊ द्या. मंग सांगते."

"आत्ताच तुमचे वकील म्हणाले ना बाई, माणसाच्या माघारी सांगितलेलं चालत नाही?"

थॉमस वकिलांनी कपाळाला हात लावला! बाईंची पंचाईत! बोलावं तर गुपित फुटणार, न बोलावं तर वेडी ठरणार. शेवटी त्यांनी दिराच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"पेव हाय तिथं, साहेब. खड्ड्यात बियाची जवारी ठिवलीय. दुष्काळात कुनाला सांगती का मी? पालथी पडून वरच्या दगडाला नाक लावते. वल शिरली तर उबट वास येतो. आन बोलते म्हनाल, तर म्हनते, बायांनो, टिका पाऊस येईस्तवर."

भिमाजीचं हसू कुठल्या कुठे! त्याला त्या पेवाचा पत्ताच नव्हता. साहेबांनी माणूस पाठवून दगड काढवला, कंदील सोडला. खाली ज्वारी, कोरडी ठणठणीत! पुढच्या तारखेला अर्ज फेटाळला.

आता ऐका खरी मजा. शिरस्तेदार मला दप्तरखान्यात नेत होते, व्हरांड्यातून. त्या दिवशीही हौसा बाकावर मान खाली घालून बसलेली. चांगुणाबाई तिच्यापुढे थांबल्या. घरात माणसं दोन, पहाटे बघणारं दुसरं कोण असणार?

"उद्या पहाटं तू बी ऊठ," त्या म्हणाल्या. "वास कसा घ्यायचा ते शिकवते. मला इचारलं असतंस तर तवाच शिकवलं असतं."

हौसा उठली आणि सासूच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

तेव्हापासून हौसाचं नाव माझ्या पोटात आहे. कोर्टात कुणी मोठ्याने वाचलं नाही. तेवढं मी सांभाळलं. म्हणून म्हणतो मित्रांनो, कुणाचं गुपित हातात आलं तर जपा. पण ज्याच्याबद्दल ते आहे, त्यालाही एकदा विचारा.

साहेबांनी एकट्यानेच वाचून निकाल दिला असता, तर हौसाचं गुपित सासूला कळलं नसतं, पण सासू वेडी ठरली असती. सांगा, साहेबांच्या खुर्चीत तुम्ही असता, तर माझ्या पोटातलं बाईंना सांगितलं असतं का?