चांगुणाबाईचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो

सकाळी पावणेनऊला हिरामणकाका दोन हिरवे बांबू खांद्यावर घेऊन चांगुणाबाईच्या दारात आला, तेव्हा चांगुणाबाई ओट्यावर बसून सुकी मासळी, वाकट्या, साफ करत होती.

काका जागच्या जागी उभा राहिला. बांबू खांद्यावरच. तळवलीत कोणी गेलं की सामान आणण्यापासून लाकडं रचण्यापर्यंत सगळं तोच बघतो. पन्नास-साठ मयती तरी केल्या असतील त्याने. पण मयताने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, असं कधी झालं नव्हतं.

"कोन गेला रं?" चांगुणाबाईने विचारलं.

काकाने खांद्यावरचे बांबू सावरले. शेवटी म्हणाला, "तू."

समोरच्या गॅलरीत भाविका दात घासत होती. ती ब्रश तोंडात ठेवूनच हसली. काका सकाळी सकाळी टाकून आला वाटतं, असं तिला वाटलं. मग काकाने बांबू भिंतीला टेकवले, खिशातून मोबाइल काढला आणि वर भाविकाकडे बोट केलं. "हिच्या स्टेटसला हाय ना."

भाविकाने फेस गिळला.

भाविका सतरा वर्षांची. दहावीच्या सहामाहीनंतर तिने शाळा सोडली होती. सरांनी तिची वही फेकली, हिने ती उचलून परत सरांवर फेकली, विषय संपला. तेव्हापासून ती घरात वाघासारख्या येरझाऱ्या घालायची आणि सगळ्यांच्या अंगावर जायची. पंधरा दिवसांपूर्वी घणसोलीचा आतेभाऊ दिपेश आला. तो हळदी-लग्नाचे फोटो काढतो. त्याने नवा कॅमेरा घेतला होता, म्हणून जुना डीएसएलआर हिच्या गळ्यात टाकला. जड, घासलेला, पकडायचं रबर निघालेला. "शीक," तो म्हणाला. "तेवढंच घरच्यांच्या डोक्याला आराम."

पंधरा दिवस तिने कावळे काढले, पाण्याच्या टाक्या काढल्या, स्वतःचे पाय काढले. एक तर सगळं जळून पांढरं, नाहीतर काळं ठिक्कर. दिपेश फोनवर ओरडायचा, "ऑटोवर ठेवायचं असेल तर मोबाइल काय वाईट हाय? आणि माणूस काढताना फोकस डोळ्यावर. बटण अर्धं दाब, टिक झालं की पूर्ण."

काल दुपारी चांगुणाबाई स्वतःच म्हणाली होती, "माजा पन काड. चांगला काड. हरेशला दाव. म्हनाव, तुजी आये आता अशी दिसते."

हरेश तिचा एकुलता एक. कामोठ्याला फ्लॅटमध्ये राहतो. दोन वर्षं तळवलीत फिरकला नव्हता. भांडण नाही, तंटा नाही. नुसता यायचा थांबला. फोटो बघून तरी येईल, एवढंच म्हातारीच्या मनात होतं.

भाविकाने बटण अर्धं दाबलं, टिक झालं, पूर्ण दाबलं. मागच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून बघितला. पापणीचा केस न केस मोजून घ्यावा इतका शार्प. पंधरा दिवसांत पहिल्यांदा कॅमेऱ्याने तिचं ऐकलं होतं. फक्त एक झोल होता. चांगुणाबाई निळ्या ताडपत्रीखाली बसली होती, आणि तिचं अख्खं तोंड निळं आलं होतं. रंग बरोबर यायला व्हाइट बॅलन्स लावावा लागतो. दिपेशने सांगितलं होतं, पण तो पाचवा मुद्दा होता आणि भाविका तिसऱ्यालाच उठून गेली होती. मग तिने सोपा मार्ग काढला. फोटो मोबाइलमध्ये घेतला आणि ब्लॅक अँड व्हाइट करून टाकला. मागची भिंत आधीच उन्हाने जळून पांढरी झाली होती. एकदम भारी दिसायला लागलं.

आज साडेसातला तिने तो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, चांगुणाबाई. आणि वयाने मोठ्या म्हणून पुढे दोन जोडलेले हात.

आता म्हाताऱ्या माणसाचा काळापांढरा फोटो, मागे पांढरं, खाली हात जोडलेले, याचा अर्थ गावात एकच होतो. नाक्यावर आठवड्याला असला एक तरी बॅनर लागतो. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. भाविकाची नजर एवढी तेज की समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाच्या पडद्याचा हूक निघालाय ते ती सांगायची. पण त्या फोटोत तिला फक्त शार्प आलेला डोळा दिसत होता.

ती कॅमेरा गळ्यात अडकवून खाली पळाली, नाहीतर आईने तो पहिला उचलला असता. सव्वानऊपर्यंत ओट्यासमोर तीसेक माणसं. नाक्यापलीकडे राहणारी भिमाबाई मोठी किटली भरून चहा घेऊन आली, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. तिथे चुलीवर वाकट्यांचं कालवण.

"मी नाक्यापासून रडत आले ना गं," भिमाबाई म्हणाली. "रिक्षावाला पन रडला."

"मंग रड की. आलीच हायस तं," चांगुणाबाई म्हणाली.

लोक हसले, पण तसं दबकत. आपण हसतोय आणि खरंच काही झालं तर, असं. भाविकाची आई विमलबाई मात्र हसली नाही. "तुला दुसरा कोन नाय गावला मारायला? आजच्या आज तो डबा दिपेशला देऊन ये. आनि ते स्टेटस काढ आधी."

"मी काय मुद्दाम केलं काय? तुमालाच अक्कल नाय. फोटोखाली कुठे लिहिलंय मेली म्हणून?" भाविका भडकली. पण स्टेटस काढायला तिने मोबाइल उघडला.

"थांब," चांगुणाबाई म्हणाली. "हरेशनी बगला काय?"

किती जणांनी बघितलं ते खाली दिसतं. एकशे बारा. भाविकाने यादी वर सरकवली. हरेशदादा, कामोठे. आठ वाजून चार मिनिटं. आता साडेनऊ होत आले होते. एक मिस कॉल नाही, मेसेज नाही. काय झालं, कसं झालं, काही नाही. भाविकाने मोबाइल छातीशी धरला.

"नाय आजी," ती म्हणाली. "अजून नाय बघितला."

"नेट नसल तिकरं," चांगुणाबाई म्हणाली. "मंग ठेव. काडू नको."

भाविका गल्लीच्या टोकाला गेली आणि हरेशला फोन लावला. कट. पुन्हा लावला. कट. तिसऱ्यांदा तिने भिंतीला लाथ घातली आणि तशीच लंगडत परत आली. माणसं पांगली. हिरामणकाका बांबू तिथेच ठेवून गेला.

साडेदहाला फोन वाजला. हरेशदादा. भाविकाला इतकं हायसं वाटलं की विचार न करता तिने फोन चांगुणाबाईसमोर धरला आणि स्पीकर लावला, कारण म्हातारीला कमी ऐकू येतं.

"आजी, दादाचा फोन."

"हां, भावी," हरेश बोलला. आवाज नेहमीसारखा, मागे ऑफिसची कुजबुज. "आईचं बघितलं मी. मीटिंगमध्ये होतो. किती वाजता काढतायत?"

विमलबाई दारात होती, तिने हात तोंडावर ठेवला.

"हॅलो? काकाला सांग, दोनपर्यंत पोचतो मी. आणि नाय जमलं तर थांबू नका. उरकून घ्या."

भाविका बंद करायचं बटण शोधत होती. एवढ्या बटणांचा कॅमेरा शिकली, आणि आता तिला एक लाल गोल सापडेना. चांगुणाबाईने फोन तिच्या हातातून घेतला. पदराने हात पुसून मग घेतला. तोंडाजवळ धरला.

"दोन वाजता ये," ती म्हणाली. "मी थांबतंय."

पलीकडे ऑफिसची कुजबुज तेवढी चालू होती. मग फोन कट झाला.

भाविकाला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. "आजी, सॉरी. मी परत देते कॅमेरा. मायचान, शप्पथ."

"कनाला परत द्याचा?" चांगुणाबाई विमलबाईकडे बघून म्हणाली, "राहू दे तिच्याकरं. तिनी फोटो खोटा नाय काडला."

मग ती आत गेली आणि तांदूळ धुवायला बसली. किती माणसांचे, ते भाविकाने विचारलं नाही.

दोन वाजायचे होते, पाऊणच झाला होता, तेव्हा गल्लीत बाइक शिरली. हरेश ऑफिसच्या शर्टात होता. भिंतीला टेकवलेल्या बांबूंजवळ त्याने गाडी लावली, बांबूंकडे बघितलं, आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला. हेल्मेट काढलंच नाही. काच खाली, आत काय चाललंय काही दिसेना. फक्त काचेवर आतून वाफ धरत होती आणि जात होती.

चांगुणाबाई बाहेर आली. दोन पायऱ्या उतरली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि त्या काचेवर नखाने टकटक केलं.

"काड ते," ती म्हणाली. "तोंड बगू दे मना."