माझा गजर गप्प होता तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. रोटोरुआच्या एका रुग्णालयात, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभा असतो. पोटात उणे ऐंशी अंश थंडी, त्यामुळे मला फारसं काही जाणवत नाही. छाती घरघरणाऱ्या तान्ह्या बाळांच्या नाकातला स्राव आणि रक्त मी सांभाळतो. स्रावातून विषाणूची जनुकं वाचतात, रक्तातून बाळाचं अंग त्याच्याशी कसं लढलं ते कळतं. नवा होतो तेव्हा माणसं मला मुद्दाम बघायला यायची. आता दाराला बर्फ साचतो आणि मी उठसूट गजर करतो.

"झालं म्हाताऱ्याचं रडगाणं सुरू!" माझी देखभाल करणारे तामातीकाका म्हणायचे.

इथल्या मूळच्या माओरी लोकांत बाळाचं रक्त पवित्र. काम झालं की घरचे ते मागून घेतात, माझ्यासमोर प्रार्थना म्हणतात आणि नेऊन मातीत पुरतात. हिवाळ्यात असंच एक कुटुंब आलं. प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून काकांनी माझा गजर बंद केला. चालू करायचा मात्र विसरले. त्याच आठवड्यात शनिवारी माझं यंत्र थांबलं. सोमवारपर्यंत आतलं सगळं वितळलं होतं.

त्यात आठ महिन्यांच्या काहुचं रक्त होतं. काहु गेला होता आणि त्याची आई मेरेआना पुन्हा पोटुशी होती. विषाणू नेहमीचाच निघाला. मग काहुचंच अंग लढायला कमी पडलं का? पोटातल्याचंही तसंच होईल का? एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. रक्ताची तपासणी पुढच्या आठवड्यात व्हायची होती.

"पोरी, चूक माझी आहे," काका म्हणाले. "आता त्यातून काही कळणार नाही."

"म्हणजे हे बाळ आलं की मी नुसते त्याचे श्वास मोजत बसू?"

मला वाईट वाटायला हवं होतं, पण आत नुसती थंडी होती.

"द्या, काहुला घरी नेते," ती म्हणाली.

मी दुरुस्त झालो होतो, पोटात दुसऱ्या बाळांच्या रक्ताच्या नळ्या आल्या होत्या. तिने प्रार्थना सुरू केली आणि मी मध्येच कोकललो. काकांचा हात सवयीने बटणाकडे गेला.

"हात लावू नका, काका. वाजू दे," ती डोळे मिटूनच म्हणाली. "आत दुसऱ्यांची लेकरं आहेत."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांची कटकट होते, कबूल. पण गप्प करण्याआधी एकदा येऊन बघत जा. त्या दिवशी काकांनी दाराचा बर्फ खरवडला, दार घट्ट लागलं, मी शांत झालो. तोवर मेरेआना थांबली होती. मग तिने प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हटली.